नमुन्याची खुर्ची

धायरीच्या सरकारी अभ्यासिकेसाठी खुर्च्या घ्यायच्या होत्या. भंगार माल गळ्यात पडू नये म्हणून टेंडरमध्ये निम्मे गुण दर्जाला ठेवायला खरेदी समितीतल्या शेफालीनंच भांडून लावलं होतं. आणि आज समितीचे अध्यक्ष देवधर यांनी तिन्ही ठेकेदारांना दर्जाचे पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले! मग काय, सगळ्यात स्वस्त, डुगडुगती खुर्ची जिंकली.

शेफालीचं डोकंच फिरलं. "मग नमुने मागवले कशाला, साहेब?"

"कमी-जास्त गुण दिले की तक्रारी येतात, मॅडम. सगळे नमुने सारखेच आहेत," देवधर आरामात रेलून म्हणाले.

"सारखेच ना? मग उठा! आपण ज्यावर रेललात तो सगळ्यात महागडा नमुना आहे. पोरांच्या नशिबी आलेली खुर्ची ही इथे डुगडुगतेय. हिच्यावर बसून सही करा."

देवधर उठले नाहीत. बसल्या जागीच त्यांनी सही ठोकली.