'ग्रेहॉक'वरचा भगवंत

आमच्या कोरडवाहू मुलखात पोहता येणारा माणूस शोधावा लागतो, तरी आमच्या घरातला एक जण समुद्रात बुडाला याचा आम्हाला भारी अभिमान. माझ्या वडिलांचे आजोबा, भगवंत. मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनिंगात बॉयलरला कोळसा घालायचे. तेवढ्या कसबावर मुंबईला गेले आणि इंग्रजांच्या 'ग्रेहॉक' नावाच्या विनाशिकेवर भट्टीपुढे उभे राहिले. पहिल्या महायुद्धात ती बुडाली, असं त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं, गावाला सांगितलं आणि कुंकू पुसलं. तेव्हापासून दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाकी पितरांसोबत त्यांच्या नावाचीही पाण्याची घागर भरतात.

यंदा बाबांच्या मनात आलं, जहाज बुडाल्याची तारीख कळावी. अमरावतीला शिकणारी माझी मुलगी आचल अखाजीला घरी आली होती. तिनं मोबाइलवर शोधलं. चार धुराड्यांचं जहाज. युद्धात सैन्याच्या बोटींना सोबत करत फिरलं. एकदा सुरुंगानं पुढचा भाग उडाला, तर ओढत बंदरात आणून दुरुस्त केलं. युद्ध संपलं आणि ते भंगारात गेलं.

"आबाजी, जहाज बुडालंच नाही," ती बाबांना म्हणाली. "त्याच्यावर कोणी मेलंही नाही."

मला पोरीचाच राग आला. सणाच्या दिवशी हे कशाला उकरायचं? पण तारीख बाबांनीच मागितली होती.

घागरीपाशी बसलेल्या बाबांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "म्हंजे तो जित्ता होता. वापस आलाच नाही."

"मग पंचफुला आजीला खोटं कोणी सांगितलं?" आचलनं विचारलं.

"कोणी नाही. तिले ठाऊक होतं." बाबांनी घागर जवळ ओढली. "बुढी साऱ्या पितरायच्या घागरी सोता भरे. त्याची मात्र मले भरायले लावे. मी म्हणो, दुःखानं तिचा हात उचलत नसंल. जित्त्या माणसाची घागर बुढी कशी भरंल?"

"मग कुंकू कावून पुसलं?"

"माह्या बापाले कोणी टाकून देल्ल्या बाईचं पोरगं म्हणू नये म्हणून."

तिच्या कष्टावर उभ्या राहिलेल्या घरात आम्ही सगळे त्याचाच अभिमान मिरवत होतो, आणि ती निमूट ऐकत होती.

"आता घागरीचं काय करायचं?" मी विचारलं.

"भरायची. आता तं तो मेलाच असंल." बाबांनी पाणी ओतलं. मग आचलकडे पाहून म्हणाले, "गावात सांगू नको, माय. बुढीनं बुडवलं ते जहाज. बुडालेलंच राहू दे."