मऊ बटण

त्याला छंद कसला, तर सुरांची पेटी बनवायचा. बारा बटणं, एकेकातून एकेक सूर. सगळं जमलं होतं, घोडं अडलं ते बटणांपाशी. मिळतील ती मेली कडक! दाबली की टक्क वाजायची आणि सुराचा विचका व्हायचा. मऊ बटणासाठी पठ्ठ्याने जंग जंग पछाडलं. एक दुकानदार तर वैतागून म्हणाला, "साहेब, बटण हवंय की उशी?"

शेवटी बाहेरून पार्सल आलं, मोजून बारा. जोडल्याबरोबर स्वारी पेटी घेऊन आईच्या खोलीत.

आईची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. हा दार लावून कामाला बसला की तिची हाक ऐकू जात नसे, म्हणून त्यानेच उशाशी घंटी बसवली होती. पण आई ती वाजवेल तर शपथ! गेल्याच आठवड्यात पाण्यासाठी एकटी उठली आणि पडली. थोडक्यात निभावलं. तेव्हा हा केवढा कडाडला होता! "घंटी काय शोभेला लावलीय?" आई एवढंच म्हणाली, "चुकलंच माझं."

"आई, हे दाबून बघ."

तिने बोट टेकवलं. सूर निघाला. मग दुसरा, तिसरा.

"अगंबाई! हे दाबलं जातंय की रे माझ्याच्याने!"

तो हसला आणि हसता हसता थांबला. घंटीचं बटण त्याच्याच डब्यातलं होतं. पेटीला फार कडक म्हणून बाजूला टाकलेलं, आईला चालेल म्हणून लावलेलं. त्याने ते तिच्यापुढे धरलं. आईने दोन्ही अंगठे लावले, ओठ आवळले. घंटी गप्प.

"मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेने लावलंस. नावं कशाला ठेवायची?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेटीसाठी गावभर वणवण केली आणि आईला टाकाऊ माल दिला. वर पुन्हा तिलाच बोलला. त्याने पेटीतलं एक बटण उपटलं आणि तिथेच बसून घंटीला जोडलं.

संध्याकाळी घंटी वाजली. तो धावत गेला.

"पाणी देतोस?" आई म्हणाली आणि त्याचा चेहरा बघून पटकन पुढे बोलली, "कामात होतास का रे? रागावू नकोस हं."