साहेबरावांची मान

दौंडच्या त्या मंगल कार्यालयात टीव्ही एक, कॅसिओ एक, महाराज एक आणि शिष्य दोन होते. नारळ एकशे चाळीस. माणसं त्याहून जास्त, कारण काहींनी दोघांत मिळून एकच नारळ आणला होता. खिडक्या आठ, आणि भर दुपारी आठही चादरींनी झाकलेल्या. आत्म्यांना उजेड सोसत नाही, असं शिष्यानं सांगितलं. राजश्री नुकतीच बी.एस्सी. झाली होती, मोजण्याची सवय तिला तिथलीच.

तिच्या शेजारी सोजरबाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान साहेबराव रेल्वेत पॉइंट्समन होते. दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगी माया राजश्रीच्या शिकवणीला यायची. तिला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. पण दीर चांगदेव यांनी एक स्थळ आणलं होतं. ते म्हणाले, "आधी दादाला इचारू."

विचारायची सोय महाराजांकडे होती. अट एवढीच, की मयत माणूस ज्यात दिसतो अशी लग्नाची कॅसेट आठ दिवस आधी आणून द्यायची, शुद्धीसाठी. सोजरबाईंनी भाचीच्या लग्नाची दिली होती.

"स्वर म्हणजे ब्रह्म!" महाराज गरजले. "अमेरिकेत शास्त्रज्ञांनी माझ्या स्वराला मशीन लावलं. मशीन रडलं!"

कॅसिओवर बोटं पडली आणि टीव्हीवर फेटा बांधलेले साहेबराव उगवले. एका सुरावर ते हसले, दुसऱ्यावर वळले, तिसऱ्यावर त्यांनी डोळे मिटले.

"आगं, तालावर हाय की मानूस!" मागून एक म्हातारी म्हणाली. सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला.

"साहेबराव, लेकीला पुण्याला धाडायची का?"

महाराजांनी एक काळी पट्टी दाबली. साहेबरावांनी मान हलवली. नाही. खालच्या कडेला त्यांचा पालथा पंजा दिसला.

"बघा, आशीर्वादाचा हात!"

मायानं मान खाली घातली. चांगदेवांनी हात जोडले.

"महाराज, परत विचारा ना," राजश्री म्हणाली. महाराज खूश झाले. दोनदा विचारलं. तीच काळी पट्टी, तीच मान, तोच पंजा, अर्धवट मिटलेले तेच डोळे.

"मावशी, आशीर्वाद देताना काका असे दिसायचे?"

सोजरबाई टीव्हीकडे बघतच राहिल्या. "न्हाई गं," त्या हळूच म्हणाल्या. "साखर व्हती त्यांना. भाचीच्या लग्नात पंगतीत जिलबीचा लई आग्रह झाला. तवा असाच पत्रावळीवर हात आडवा धरला व्हता."

राजश्री उठली आणि कॅसिओच्या वायरच्या मागोमाग चालत गेली. वायर टीव्हीमागच्या एका चादरीखाली शिरली होती. तिनं चादर ओढली. खाली कॉम्प्युटर होता. पडद्यावर साहेबरावांची छोटी छोटी चित्रं ओळीनं मांडलेली, प्रत्येकाखाली एका पट्टीचं नाव.

"शिरूरच्या व्हिडिओ मिक्सिंगच्या दुकानात हेच बघितलंय," ती लोकांना म्हणाली. "गाण्यांचे व्हिडिओ करायचं सॉफ्टवेअर आहे. कॅसेटमधले तुकडे कापायचे, एकेका पट्टीला एकेक तुकडा जोडायचा. पट्टी दाबली की तो तुकडा दिसतो. मान हलली ती जिलबीला."

"यंत्र हे निमित्त आहे, बाई!" महाराज म्हणाले. "आत्मा—"

"मग पट्टी मावशींना दाबू द्या." सोजरबाई उठल्या.

"वैनी, बसा खाली. पाप लागंल," चांगदेव म्हणाले.

"लागू द्या, भावजी. जिलबीला न्हाई म्हनलेलं तुमी माझ्या पोरीला लावलं, त्याचं काय?"

सोजरबाई कॅसिओपाशी गेल्या. शिष्य दोन होते, आता एकही दिसेना.

"मेलेल्या माणसाचं मत आपल्याला कळत नाही," राजश्री म्हणाली. "ते कळतं असं कुणी म्हटलं, तर आधी तपासा. इथं उठून या, स्वतः दाबून बघा. आणि मायाचं काय करायचं ते मायाला विचारा. ती इथंच बसलीय."

"माये, जायचं का गं तुला?" सोजरबाईंनी विचारलं.

"व्हय, आई."

"मंग सोमवारी जायचं." एवढं बोलून त्यांनी काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. मग मागच्या म्हातारीनं दाबून पाहिली, मग बाकीच्यांनी रांग लावली.

काळी पट्टी वीस वेळा दाबली. साहेबराव वीस वेळा 'नाही' म्हणाले. शेजारची पांढरी वीस वेळा दाबली. वीस वेळा 'हो' म्हणाले.