कपाटातल्या टकटकीला कोण म्हणून विचारायचं नाही

सांता क्लारा मठाचं संग्रहालय होऊन जमाना झाला, पण त्याच्या भिंतीतलं फिरतं लाकडी कपाट गावानं काही सोडलं नाही. लग्न ठरलं की बाहेरून त्यात अंडी ठेवायची आणि टकटक करायची. मग लग्नात पाऊस येत नाही म्हणे. नन्स केव्हाच गेल्या. आता आतून कपाट फिरवायची ती संग्रहालयाची राखणदार, फुएन्सिस्ला. कोण आलंय ते विचारायचं नाही, बघायचं नाही, ही त्यांची रीत मात्र तिनं इमानानं पाळली. अंडी वृद्धाश्रमात जात, तिथल्या म्हाताऱ्यांची चंगळ होई.

येत्या शनिवारी तिच्याच लेकीचं, रोसारियोचं, दुसरं लग्न होतं. टकटक झाली तसं फुएन्सिस्लानं कपाट ढकललं. जड लागलं.

"अख्खं खुराडंच आणलंय की काय!" म्हणत तिनं खांदा लावला.

कपाटाच्या आतून किंकाळी आली. नीएवेस! तिची सहा वर्षांची नात! कपाटाचं तोंड दगडाकडे वळलं होतं आणि पोरीची बोटं लाकूड नि दगडाच्या फटीत चेंगरली होती.

अंडी ठेवून, टकटक करून बाहेर शेजारणीशी बोलायला वळलेली रोसारियो धावत आली. तिनंही घाबरून कपाट ढकललं, नेमकं त्याच बाजूला. पोर जिवाच्या आकांतानं ओरडली.

"सोड! हात लावू नकोस मेले, बोटं तुटतील तिची!"

"आई, काहीतरी कर गं!"

"आजी, दुखतंय..." आणि मग आतून हुंदकाही येईना.

फुएन्सिस्लानं कपाट दोन्ही हातांनी धरलं. कोण आहे म्हणून एकदा, एकदाच विचारलं असतं तर! मेली ती रीत! तिनं कपाट केसभर मागे घेतलं. लाकूड करकरलं. ती थांबली, पुन्हा केसभर.

"निघाला हात!" रोसारियो पलीकडून ओरडली. "हलव बघू बोटं. सगळी. हलतायत, आई, हलतायत!"

फुएन्सिस्लानं भिंतीला कान लावला. भिंतीतून तिला फक्त ऐकू येत होतं.

"कशाला चढलीस आत? आणि ही अंडी? सगळी फुटली ना!"

"मी फोडली," नीएवेस मुसमुसत म्हणाली. "पाऊस आला की तुझं लग्न होणार नाही. मग तू माझ्याच खोलीत झोपशील."