तेवीस नंबरची मादी

तेवीस नंबरची मादी मधल्या खणातच बसून राहिली.

काचेच्या लांबट पेटीचे तीन खण होते. डावीकडे जाळीआड तो नर, ज्याच्यासोबत ती दोन दिवस राहिली होती. उजवीकडे एक अनोळखी नर. मधल्या खणात नर नाही. शेतातल्या छोट्या उंदरांच्या माद्या जोडीदार कसा निवडतात आणि तेव्हा त्यांच्या मेंदूत काय घडतं, हे डॉ. मोनाली गजभिये गेली चार वर्षं नागपुरातल्या आपल्या प्रयोगशाळेत तपासत होती. बहुतेक माद्या थोडा वेळ हुंगत फिरायच्या आणि ओळखीच्या नराच्या जाळीला चिकटून बसायच्या. काहींना नवा आवडायचा. ही मात्र दोन्ही जाळ्या एकेकदा हुंगून परत आली, तिने मिशा पुसल्या आणि तीन तास मधल्या खणाच्या कोपऱ्यात बसून काढले.

मोनालीने नर बदलून पुन्हा चाचणी घेतली. मग तिसऱ्यांदा घेतली. तेच.

"आजारी असेल," तिचा सहसंशोधक रजत हैदराबादहून फोनवर म्हणाला.

"वजन बरोबर आहे. खाते, पळते, भुसा उकरते."

"मग मेंदू बघ आणि विषय संपव."

मेंदू बघायचा म्हणजे तिला मारायचं. याआधी सोळा माद्यांना भूल देऊन मोनालीने ते काम केलं होतं आणि तिचा हात कधी अडखळला नव्हता. या मादीसाठी मात्र तिने चार दिवस घालवले. रोज सकाळी येऊन पिंजऱ्यात दाणे टाकायची आणि दुसऱ्याच कामाला लागायची.

मोनाली बेचाळीस वर्षांची होती. एकोणतीस वर्षांची असताना तिच्या आयुष्यात जितेंद्र आला होता. दोन वर्षं दोघं भेटत राहिले, दोन्ही घरं राजी होती. माणूस शांत होता, तिच्या कामाबद्दल आपणहून विचारायचा. आणि तिने नाही म्हटलं. पुढे आणखी एकालाही नाही म्हटलं. तिची आई मीराबाई शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं एकच चालायचं.

"जितेंद्र चांगला होता. काहून नाही म्हटलं वं तू?"

"माहीत नाही, माय."

आईला वाटायचं, पोरगी काहीतरी लपवून राहिली. मोनाली काहीच लपवत नव्हती. त्याला भेटून एकटीच घरी परतताना तिला हलकं वाटायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. आई गेल्यावर तेही हलकेपण राहिलं नाही. आता संध्याकाळी कुलूप उघडून आत गेलं की ती आधी सगळ्या खोल्यांतले दिवे लावायची आणि ओट्यापाशी उभ्यानेच जेवायची.

पाचव्या दिवशी तिने तेवीस नंबरला भूल दिली.

मेंदूचे पातळ काप रंगवून काचपट्ट्यांवर यायला पंधरा दिवस लागले. ऑक्सिटोसिन नावाचं रसायन मेंदूत जिथे जाऊन बसतं, त्या जागा सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यांसारख्या दिसतात. जोडीदाराला धरून राहणाऱ्या माद्यांत त्या एका ठिकाणी दाट असतात, असं तिच्या चार वर्षांच्या कामात दिसत होतं. तेवीस नंबरमध्ये त्या विरळ निघणार, याची तिला खात्री होती. खरं तर ती तिची इच्छाच होती.

ठिपके दाट होते. बाकीच्यांइतकेच. तिने दोनदा मोजले, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा मोजले. एका जनावरावरून काहीच सिद्ध होत नाही, हे ती स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवायची. तरी ती दिवा बंद करून बराच वेळ स्टुलावर बसून राहिली.

"वगळू या ही," रजत म्हणाला.

"नको. राहू दे लेखात."

"कारण काय लिहायचं?"

"कळलं नाही, असं लिही."

फेब्रुवारीत प्रकल्प संपला. बुटीबोरीच्या पलीकडे कौसल्याबाईंच्या वावरात, धुऱ्यावरच्या म्हणजे बांधावरच्या गवतात तिचे उंदीर धरायचे वीस पिंजरे ठेवलेले होते. ते आणायला ती गेली. कौसल्याबाई सत्तरीच्या, नवरा वारल्यापासून वावरातल्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. मुंग्या लागल्या की पिंजरे झाडून ठेवायच्या. लग्नाचं, घरच्यांचं त्यांनी मोनालीला कधीच विचारलं नव्हतं. मोनालीला वाटायचं, या बाईला एकटं राहणं जमलंय.

चहा पिता पिता मोनालीने त्यांना तेवीस नंबरची सगळी हकिकत सांगितली. असं ती कोणाला सांगत नसे.

"मंग मारली तिले?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"हो."

"आन् सापडलं काही?"

"नाही."

कौसल्याबाईंनी कप विसळून पालथा घातला. "मॅडम, तुमचे पिंजरे आज नेता ते बरं झालं. वावर ठेक्यानं देलं म्या. पोरगा न्यायले येऊन राहिला, पुण्याले."

"पण मावशी," मोनाली म्हणाली, "तुम्ही तर त्याला दरवर्षी नाही म्हणत होतात."

"म्हणत होती. आता नाही करमत. परवा दिवसभरात कोणाशी बोललीच नाही मी. संध्याकाळी कुत्र्याले सांगत बसली, भाजी खारट झाली म्हणून." त्या हसल्या, मग पदराने डोळे पुसले. "तुमी आता कुठं जासान?"

"मी? नागपूरलाच."

"ते तर हायच," कौसल्याबाई म्हणाल्या. त्या उठल्या आणि पिंजरे गाडीपर्यंत न्यायला मदत करू लागल्या. दोघींनी ते एकात एक बसवून मागच्या सीटवर रचले. एक मावेना. कौसल्याबाई म्हणाल्या, तो पुढं ठेवा, तुमच्या बाजूच्या सीटवर.