पाठीमागून मारलेली हाक

नांदूरघाटच्या शाळेत पहिलीत येणाऱ्या मुलांची तपासणी चालली होती. कार्तिकी अजून फारसं बोलत नव्हती. घरचे म्हणायचे, बोलेल उशिरा. मनिषा लेकीच्या समोर उभी राहून हातवारे करत मॅडमचा प्रत्येक प्रश्न तिला पुन्हा सांगत होती.

"ताई, बाहेर थांबा. आईनं मदत करायची नाही, असा नियम आहे," मंजुषा मॅडम म्हणाल्या.

मनिषा बाहेर खिडकीशी जाऊन थांबली. मॅडमनी कार्तिकीच्या पाठीमागून हाक मारली, मग मोठ्यानं मारली, मग टाळी वाजवली. पोरगी ठोकळे रचत राहिली.

"लई हट्टी हाय वो ती," मनिषा म्हणाली.

मॅडम बाहेर आल्या. "शाळेत तर घेणारच आहोत तिला. पण आधी अंबाजोगाईला कान दाखवून या."

तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की पोरीला जन्मापासूनच ऐकू येत नाही. लवकर आणायला हवं होतं.

परतीच्या एसटीत कार्तिकी आईच्या मांडीवर झोपून गेली. बारशाला एवढ्या हौसेनं ठेवलेलं नाव पोरीनं आजवर एकदाही ऐकलं नव्हतं. मनिषानं तोंडात पदर कोंबला आणि ती रडत राहिली.