द्राक्षाच्या पानातला भात

चाळीस वर्षं द्राक्षबागेत राबलेल्या तासगावच्या चंदनबालाला द्राक्षाचं पान खातात हे कळलं ते थेट ग्रीसमध्ये गेल्यावर. जर्मनीत नोकरी करणाऱ्या स्वप्नालीनं आई-अप्पांना हट्टानं नॅक्सोस बेटावर फिरायला आणलं होतं. त्या दिवशी तिनं डोंगरउतारावरचं एक जुनं गाव दाखवायला काढलं. गाव कसलं, नुसत्या पायऱ्या! अप्पा, म्हणजे धन्यकुमार, पहिल्याच वळणावर कॉफीच्या दुकानात बसले. "तुमी मायलेकी जावा. माझं गुडघं हितंच ऱ्हात्यात," म्हणाले.

वर एका अंगणात द्राक्षाचा मांडव होता. स्वप्नाली फोटो काढत पुढच्या बोळात गेली आणि चंदनबालाचा हात सवयीनं पानाकडे गेला. तिनं पान उलटून मागं रोग पडलाय का ते पाहिलं. तेवढ्यात काळ्या कपड्यातली एक म्हातारी बाहेर आली. परकी बाई आपला वेल तपासतेय हे बघून ती खूश झाली आणि हाताला धरूनच चंदनबालाला आत घेऊन गेली. तिनं पुढ्यात ताटली ठेवली. द्राक्षाच्या पानात काहीतरी गुंडाळून केलेले विडे होते.

कांदा-लसूण चंदनबाला फक्त चातुर्मासात सोडायची, पण मटणाचा घास तिच्या जैन घरात सात पिढ्यांत कुणी तोंडात घेतला नव्हता. तिनं डोक्यावर दोन बोटांची शिंगं केली, "बेंऽऽ" केलं आणि विचारलं, "मटण? न्हाई न्हवं?"

"ने, ने!" म्हातारी हसून म्हणाली.

नै म्हणाली, विषय मिटला. चंदनबालानं एक खाल्ला. आंबूस भात, आणि त्यात चक्क बेदाणे! तिनं पाच खाल्ले.

परत उतरताना ती लेकीला कौतुकानं सांगायला लागली, "लय गुणाची बाई. मटण हाय का इचारलं, तर दोनदा नै म्हणाली."

स्वप्नाली थबकली. "नै म्हणाली, का ने?"

"त्येच की गं."

"आई... इथं ने म्हणजे होय."

असे विडे इथं नुसत्या भाताचेही करतात आणि भातात खिमा घालूनही, हेही तिला सांगावं लागलं. चंदनबाला पायरीवर मटकन बसली. एकसष्ट वर्षं सांभाळलेलं पाच घासांत गेलं! मटण कधी चाखलंच नव्हतं, तर ते चवीवरून ओळखणार तरी कसं? गावाकडच्या देवळाची पायरी आता कुठल्या तोंडानं चढायची, या विचारानं तिचे डोळे भरले. मग ती तशीच उठली. "चल वर. काय असंल ते तिच्याच तोंडून ऐकू दे."

ज्या पायऱ्या मघाशी तीनदा बसत चढली होती, त्या ती एका दमात चढली.

स्वप्नालीनं मोबाइलवर प्रश्न लिहिला, मोबाइलनं तो ग्रीकमध्ये विचारला. म्हातारीनं ऐकलं, छातीवर हात ठेवला आणि भराभरा बोलत सुटली. मग मोबाइल कोरड्या आवाजात मराठी बोलला.

"आज शुक्रवार आहे. बुधवारी आणि शुक्रवारी मी मांस खात नाही. अंडे नाही. दूध नाही. माझी आईही खात नसे. या घरात आज मांस शिजत नाही."

"म्हंजे उपास!" चंदनबाला ओरडली. "मग ने का म्हणाली?"

मोबाइलनं तेही विचारलं. उत्तर आलं, "ती स्वतःच ने ने म्हणत होती. मला वाटलं, तिला मेंढ्या आवडतात."

चंदनबाला आधी हसली आणि मग रडायलाच लागली. छातीवरचा धोंडा उतरला होता. तिनं म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. ही बाईसुद्धा वार पाळते, आईनं पाळला म्हणून पाळते, हे तिला फार बरं वाटलं. म्हातारीनं पुन्हा ताटली पुढं केली. पोट भरलेलं, म्हणून चंदनबाला "न्हाई, न्हाई" म्हणाली. ताटलीत आणखी चार आले.

ते चार तिनं रुमालात बांधून खाली आणले. धन्यकुमारांनी एक उचलला, वास घेतला आणि संशयानं बायकोकडे पाहिलं.

"ह्यात मटण तर न्हाई न्हवं?"

"ने, ने," चंदनबाला म्हणाली. "बिनघोर खावा. आज शुक्रवार हाय."